वाचनालयातले इंटरनेट आणि गाळणीचे राजकारण

८ फेब्रुवारी १९९६ रोजी वॉशिंग्टन येथील 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'च्या वास्तूत अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकेच्या नव्या दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या एकाच कायद्याच्या पोटात दोन परस्परविरोधी गोष्टी नांदत होत्या. एका कलमाने शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना सवलतीच्या दरात इंटरनेट जोडणी मिळण्याची वाट मोकळी केली. दुसऱ्या भागाने, म्हणजे 'कम्युनिकेशन्स डिसेन्सी अ‍ॅक्ट'ने, अल्पवयीन मुलांच्या नजरेस पडू शकेल असा अशिष्ट मजकूर इंटरनेटवर ठेवणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. हा दुसरा भाग २६ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. मात्र त्यामागची चिंता संपली नाही. ती ग्रंथालयाच्या संगणकाकडे वळली आणि पुढली अनेक वर्षे तेथेच ठाण मांडून बसली.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालय ही मूलतः स्थानिक संस्था आहे. तिचा बहुतांश खर्च शहराच्या किंवा परगण्याच्या करांतून चालतो, धोरण स्थानिक विश्वस्त मंडळ ठरवते आणि संघराज्य सरकारचा वाटा तुलनेने अल्प असतो. बाहेरून येणाऱ्या पैशाबरोबर अटी येतात, हा अनुभवही तेथे जुना आहे. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८३ नंतरच्या काळात अमेरिकेत सोळाशेहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसा दिला, पण जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी खर्च करावी, अशी त्यांची अट असे. काही गावांनी त्याच कारणाने ती देणगी नाकारली. इंटरनेटच्या बाबतीत पुढे जे घडले, ते समजून घेताना ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

१९९४ साली अमेरिकेतील सुमारे एकपंचमांश सार्वजनिक ग्रंथालयेच इंटरनेटला जोडलेली होती. २००० साली हे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पोहोचले. इतक्या वेगाने झालेल्या या बदलामागे दोन मोठे आर्थिक स्रोत होते. पहिला खासगी होता. बिल आणि मेलिंडा गेट्स यांनी १९९७ साली ग्रंथालयांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापून वीस कोटी डॉलरची घोषणा केली, आणि तितक्याच किमतीची सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने देऊ केली. गरीब वस्त्यांतील ग्रंथालयांत संगणक पोहोचले ते बऱ्याच अंशी या पैशातून. एकाच कंपनीच्या प्रणालीची सवय पुढच्या पिढीला लावण्याचा हा मार्ग आहे, अशी टीकाही तेव्हा झाली, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

दुसरा स्रोत 'ई-रेट' या नावाने ओळखला जातो. १९९८ पासून सुरू झालेल्या या योजनेत ग्रंथालयाला जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळते. सवलतीचे प्रमाण ठरवण्याची पद्धत लक्षणीय आहे. त्या भागातील शालेय विद्यार्थ्यांपैकी किती जण मोफत किंवा सवलतीच्या माध्यान्ह भोजनास पात्र आहेत, यावरून परिसराची गरिबी मोजली जाते आणि ग्रामीण भागाला थोडे झुकते माप मिळते. योजनेचा पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही. दूरध्वनी कंपन्यांकडून सार्वत्रिक सेवा निधीसाठी वर्गणी घेतली जाते आणि कंपन्या ती ग्राहकांच्या बिलात उतरवतात. विरोधकांनी याला तत्कालीन उपाध्यक्षांच्या नावावरून 'गोर टॅक्स' म्हणून हिणवले. आरंभी वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलर इतकी मर्यादा होती. २०१४ साली ती ३.९ अब्जांपर्यंत वाढवण्यात आली. अर्जांची कागदपत्रे मात्र इतकी किचकट की एकट्या ग्रंथपालावर चालणाऱ्या गावोगावच्या छोट्या ग्रंथालयांना ती भरणे हीच एक स्वतंत्र नोकरी होऊन बसे.

गाळणी कोणी लावायची?

संगणक आले, तारा जोडल्या गेल्या आणि पहिला मोठा खटका व्हर्जिनिया राज्यातील लाउडन परगण्यात उडाला. तेथील ग्रंथालय मंडळाने ऑक्टोबर १९९७ मध्ये ठराव करून सर्व संगणकांवर 'एक्स-स्टॉप' नावाचे फिल्टर बसवले. लहान-मोठा असा भेद त्यात नव्हता. प्रौढ वाचकांनाही तीच गाळणी. स्थानिक नागरिकांच्या एका संघटनेने दावा लावला. ज्यांची संकेतस्थळे अडवली गेली, असे काही जणही त्यात सामील झाले. त्यांत सुरक्षित लैंगिक संबंधांविषयी माहिती देणारे पान होते, मेरीलँडमधील विद्यापीठीय महिलांची संघटना होती आणि विशेष म्हणजे बंदी घातलेल्या पुस्तकांची ओळख करून देणारे एक संकेतस्थळही होते. न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांच्यासमोर हा दावा चालला. त्यांनी स्वतः ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली होती, हा योगायोग. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यांनी मंडळाचे धोरण पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारे ठरवले.

या दाव्यात जी उपमा पुढे आली, ती नंतरच्या सगळ्या वादाचा कणा ठरली. फिल्टर बसवणे म्हणजे एखादे पुस्तक विकत न घेणे, की विकत घेतलेल्या विश्वकोशातील पाने काळी करणे? ग्रंथपाल जागेअभावी आणि पैशाअभावी पुस्तकांची निवड रोजच करतो. त्याला कोणी सेन्सॉरशिप म्हणत नाही. इंटरनेटची जोडणी घेतली की सारेच एकदम दारात येते. मग त्यातले काही अडवण्यासाठी उलट जादा खर्च करावा लागतो. निवड आणि वगळणूक यांतील ही सीमारेषा न्यायाधीशांनाही सहजासहजी आखता आलेली नाही.

दुसऱ्या बाजूचे दुखणेही खरे होते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर शहरात बारा वर्षांच्या एका मुलाने ग्रंथालयातील संगणकावरून अश्लील चित्रे फ्लॉपीवर उतरवून घेतली. त्याच्या आईने १९९८ साली शहरावर दावा लावला. राज्याच्या अपील न्यायालयाने २००१ साली तो फेटाळला. मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील बारा कर्मचाऱ्यांची तक्रार आणखी वेगळी होती. वाचक पडद्यावर उघडपणे अश्लील चित्रे पाहतात, छापतात, ती तशीच टाकून जातात आणि व्यवस्थापन डोळेझाक करते. हे कामाच्या ठिकाणचे लैंगिक छळवणुकीचे वातावरण आहे, असे त्यांचे म्हणणे. समान रोजगार संधी आयोगाने २००१ साली त्यांच्या तक्रारीत तथ्य असल्याचे मान्य केले आणि २००३ साली ४ लाख ३५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवण्यात आले. वाचनस्वातंत्र्याच्या चर्चेत टेबलाच्या पलीकडे बसलेल्या या माणसांचा विचार फारसा होत नाही. ग्रंथालय संघटनेची तत्त्वनिष्ठ भूमिका आणि सायंकाळच्या पाळीला एकट्याने काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा अनुभव यांत अंतर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची भूमिका मात्र ठाम राहिली. वयावरून वाचकाचा प्रवेश मर्यादित करू नये, मुलाने काय पाहावे हे पालकांनी ठरवावे, शासनाने नव्हे, असे ही संघटना सांगत आली. तिच्या बौद्धिक स्वातंत्र्य विभागाच्या प्रमुख ज्युडिथ क्रुग यांनी १९६७ पासून २००९ साली मृत्यू येईपर्यंत ही बाजू लढवली.

काँग्रेसने डिसेंबर २००० मध्ये वेगळाच मार्ग काढला. सिनेटर जॉन मॅक्केन हे ज्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते होते, त्या 'चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट'ने, संक्षेपाने 'सिपा'ने, कोणालाही शिक्षा ठोठावली नाही. फक्त एवढेच म्हटले की ज्या ग्रंथालयाला जोडणीसाठी ई-रेटची सवलत किंवा संघराज्याचे ग्रंथालय अनुदान हवे असेल, त्याने प्रत्येक संगणकावर अश्लील चित्रे अडवणारी यंत्रणा बसवावी. यात कर्मचाऱ्यांचे संगणकही आले. नको असेल तर पैसे घेऊ नयेत. कार्नेगींच्या अटीचीच ही धाटणी, फरक इतकाच की येथे देणारा खासगी धनिक नव्हता. अटीचा भार कोणावर पडणार हे उघड होते. नव्वद टक्के सवलतीवर अवलंबून असणारे गरीब वस्तीतील ग्रंथालय ती नाकारू शकत नव्हते. वीस टक्क्यांवाल्या सुखवस्तू उपनगराला ती चैन परवडत होती. ज्या वाचकाच्या घरी संगणक नाही, त्याच्याच वाट्याला गाळलेले इंटरनेट येणार होते.

ग्रंथालय संघटनेने आव्हान दिले. फिलाडेल्फियातील तीन न्यायाधीशांच्या पीठाने ३१ मे २००२ रोजी एकमताने कायद्याचा ग्रंथालयांविषयीचा भाग रद्द केला. त्या निकालपत्रातील तपशील आजही वाचण्यासारखा आहे. बाजारातील नामांकित फिल्टरांनी निरुपद्रवी अशी हजारो पाने अडवल्याचे न्यायालयाला आढळले. होंडुरासमधील एक ख्रिस्ती अनाथालय, नेवाडातील कॅथलिक पुरुषांचे एक मंडळ, दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठीचे एक संकेतस्थळ, अशी मासल्यादाखल नावे त्यात आहेत. कोणती संकेतस्थळे अडवायची याची यादी कंपन्यांचे व्यापारी गुपित असल्याने ग्रंथपालालाही ती पाहता येत नव्हती. आपल्या ग्रंथालयात काय नाही, हे ग्रंथपालालाच ठाऊक नसावे, ही स्थिती ग्रंथव्यवहारात नवी होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कैसर फॅमिली फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील आकडे याहून बोलके आहेत. फिल्टर सर्वांत सौम्य पातळीवर ठेवले असता आरोग्यविषयक संकेतस्थळांपैकी १.४ टक्के अडली आणि अश्लील संकेतस्थळांपैकी ८७ टक्के. सर्वांत कडक पातळीवर अश्लील संकेतस्थळे अडण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांपर्यंतच वाढले, पण आरोग्याची २४ टक्के संकेतस्थळे बंद झाली. म्हणजे खरा प्रश्न फिल्टर असावे की नसावे एवढाच नव्हता. त्याची कळ कोणी आणि किती फिरवली, यालाही तितकेच महत्त्व होते. आणि ही कळ बहुधा ग्रंथपालाच्या नव्हे, संगणक विभागाच्या किंवा कंपनीच्या हाती असे.

२३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी फिलाडेल्फियाचा निकाल फिरवला. मुख्य न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांनी चार न्यायमूर्तींच्या वतीने लिहिले, की ग्रंथालये छापील संग्रहातूनही अश्लील साहित्य वगळतातच, मग इंटरनेटला वेगळा न्याय का? न्यायमूर्ती केनेडी आणि ब्रेयर यांनी स्वतंत्र मते लिहून निकालाला पाठिंबा दिला. केनेडी यांचा आधार सरकारी वकिलांच्या आश्वासनावर होता: प्रौढ वाचकाने विनंती करताच, कारण न विचारता, ग्रंथपाल फिल्टर काढून देईल. न्यायमूर्ती सूटर यांनी भिन्नमतात पुन्हा विश्वकोशातील पाने कापण्याचीच उपमा वापरली. कायद्याच्या शब्दांत मात्र ग्रंथपाल फिल्टर काढू 'शकतो' एवढेच आहे, तो काढलाच पाहिजे असे नाही. ग्रंथालय अनुदानाच्या कलमात ही मुभा सर्वांसाठी आहे, तर ई-रेटच्या कलमात फक्त प्रौढांसाठी. एड्सविषयी वाचू पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीने ओळखीच्या ग्रंथपालाकडे जाऊन ती विनंती करायची आणि तरीही नकार ऐकायचा, हा या दोन कलमांतील फरकाचा व्यावहारिक अर्थ.

निकालानंतर देश दोन तुकड्यांत विभागला गेला नाही. प्रत्येक गावाने आपापला हिशेब केला. सॅन फ्रान्सिस्कोने तर २००१ सालीच प्रौढांच्या संगणकांवर फिल्टर बसवण्यास मनाई करणारा शहरी कायदा केला होता. दुसरीकडे वॉशिंग्टन राज्यातील एका ग्रामीण ग्रंथालय जिल्ह्याने प्रौढांनी विनंती करूनही फिल्टर पूर्णपणे काढण्यास नकार दिला. २००६ साली दावा झाला. अडवल्या गेलेल्यांत स्त्रिया आणि बंदुका या विषयावरील एक मासिक होते, त्यामुळे नागरी स्वातंत्र्याची डावीकडे झुकणारी संघटना आणि शस्त्रवादी मंडळी एकाच बाकावर बसली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ग्रंथालयाच्या बाजूने कौल दिला. रेनक्विस्ट यांचे 'संग्रहाची निवड' हे तत्त्व तेथे तडीस गेले, केनेडी यांनी ज्यावर भिस्त ठेवली ते आश्वासन मागे पडले.

कोण काय पाहतो याची नोंद

पाहू न देणे ही एक बाजू. कोण काय पाहतो हे जाणून घेणे ही दुसरी. ऑक्टोबर २००१ च्या पॅट्रिअट कायद्यातील २१५ व्या कलमाने तपास यंत्रणेला गुप्त न्यायालयाच्या आदेशाने कोणतीही 'मूर्त वस्तू' मागण्याचा अधिकार दिला. त्यात ग्रंथालयाच्या नोंदी येत. अनेक ग्रंथालयांनी संगणकासाठी नाव लिहिण्याची पाने दिवसाअखेर फाडून टाकण्यास सुरुवात केली. महान्यायवादी जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी सप्टेंबर २००३ मध्ये ग्रंथपालांच्या या काळजीची जाहीर खिल्ली उडवली, आणि ते कलम तोवर एकदाही वापरलेले नाही असे सांगितले.

दोनच वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, कनेक्टिकटमधील ग्रंथालयांच्या 'लायब्ररी कनेक्शन' या सहकारी संस्थेला एफबीआयचे पत्र आले. ते २१५ व्या कलमाखालचे नव्हते. 'नॅशनल सिक्युरिटी लेटर' नावाच्या, न्यायालयाच्या परवानगीचीही गरज नसलेल्या प्रकारातले ते होते, आणि याही अधिकाराची व्याप्ती पॅट्रिअट कायद्यानेच वाढवली होती. १५ फेब्रुवारी २००५ रोजी ४५ मिनिटांच्या अवधीत एका ग्रंथालयातील संगणक कोणी वापरला, ही माहिती हवी होती, आणि पत्र आल्याचे कोणालाही सांगण्यास मनाई होती. संस्थेचे संचालक जॉर्ज ख्रिश्चन आणि पीटर चेस, बार्बरा बेली व जॅन नोचेक हे सहकारी 'जॉन डो' या टोपणनावाने न्यायालयात गेले. स्वतःच्याच दाव्याची सुनावणी त्यांना दुसऱ्या शहरातील कुलूपबंद खोलीत बसून दूरचित्रवाणीवर पाहावी लागली. सरकारने दाखल केलेल्या कागदांत नावे पुरती खोडली न गेल्याने ती वृत्तपत्रांत आली, तरी बोलण्याची बंदी कायम. पॅट्रिअट कायद्याचे नूतनीकरण मार्च २००६ मध्ये पार पडले आणि त्यानंतर एप्रिलमध्ये सरकारने बंदीचा आग्रह सोडला. काँग्रेससमोर ज्या वेळी त्यांची साक्ष उपयोगाची होती, तेव्हा ते गप्प होते. जूनमध्ये माहितीची मागणीही मागे घेण्यात आली. २१५ वे कलम मार्च २०२० मध्ये मुदत संपून निष्प्रभ झाले. राष्ट्रीय सुरक्षा पत्रांचा अधिकार मात्र कायम राहिला.

भारतात हा वाद ग्रंथालयात झालाच नाही, कारण सार्वजनिक इंटरनेट ग्रंथालयात आलेच फार थोडे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत विभागलेली, अनुदानावर तग धरणारी हजारो वाचनालये आहेत. पण २००० च्या दशकात शहरी तरुणाला इंटरनेट भेटले ते सायबर कॅफेत. तेथील अश्लीलतेविषयीच्या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने २००१ साली एक समिती नेमली होती. पुढे केंद्राच्या २०११ च्या नियमांनी कॅफेचालकाला ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे आणि नोंदी किमान वर्षभर जपणे बंधनकारक केले. पडदे किंवा फळ्या साडेचार फुटांहून उंच नसाव्यात, इथपर्यंत तपशील त्यात आहे. अमेरिकेतील ग्रंथपाल जी नोंदवही फाडत होता, ती येथे ठेवणे हीच कायद्याची आज्ञा. वाचकाचा हक्क म्हणून जो प्रश्न तेथे न्यायालयात गेला, तो येथे दुकानदाराच्या परवान्याचा विषय म्हणून निकाली निघाला.

बंद दारापुढची मंडळी

ग्रंथालयातील इंटरनेट ही केवळ विरंगुळ्याची सोय नाही, हे अमेरिकेला ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळाने दाखवले. आपत्ती मदत यंत्रणेचा ऑनलाइन अर्ज केवळ 'इंटरनेट एक्सप्लोरर ६'वरच चालत असे. घरे वाहून गेलेले लोक उरल्यासुरल्या ग्रंथालयांत रांगा लावून तो भरत होते आणि ग्रंथपाल त्यांना माऊस कसा धरायचा हे शिकवत होते. सरकारी कार्यालयांनी खिडक्या बंद करून अर्ज संकेतस्थळावर टाकले; ते भरून देण्याचे काम कोणी न सांगता ग्रंथालयाच्या गळ्यात पडले. त्यासाठी वेगळा पैसा आला नाही.

करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, दूरसंचार आयोगाने स्पष्ट केले की बंद असलेल्या ग्रंथालयांनी आपले वाय-फाय परिसरातील लोकांसाठी सुरू ठेवले तरी ई-रेटचा नियमभंग होणार नाही. वाहनतळावर गाडीत बसून गृहपाठ करणारी मुले हे तेव्हाचे नेहमीचे चित्र. २०२१ साली सुमारे सात अब्ज डॉलरचा आपत्कालीन निधी आला, त्यातून ग्रंथालयांनी पुस्तकासारखे घरी नेता येणारे हॉटस्पॉट घेतले. तो निधी जून २०२४ मध्ये संपला. त्याच महिन्यात सुमारे दोन कोटी तीस लाख कुटुंबांना मिळणारे इंटरनेट अनुदानही पैशाअभावी बंद पडले.

आयोगाने जुलै २०२४ मध्ये हॉटस्पॉट ई-रेटमध्ये सामावून घेतले. दरम्यान, ज्या निधीवर ही सवलत उभी आहे तोच घटनाबाह्य असल्याचा दावा न्यायालयात होता. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा सहा विरुद्ध तीन मतांनी, तो निधी वैध ठरवला. त्याआधी मार्चमध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रंथालय अनुदान वाटणारी संघराज्य संस्था शक्य तितकी गुंडाळण्याचा आदेश काढला होता. एकवीस राज्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडमधील न्यायाधीशांनी ती कारवाई बेकायदा ठरवली.

हॉटस्पॉटच्या विरोधकांचा एक मुद्दा १९९६ सालचाच होता. इमारतीत ग्रंथपाल असतो. घरी नेलेल्या यंत्रावर मूल काय पाहते, यावर लक्ष कोण ठेवणार? सिनेटर टेड क्रूझ यांनी हा मुद्दा लावून धरला, आणि आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी कायद्यात 'ग्रंथालय' म्हणजे इमारत, त्याबाहेर सवलत देण्याचा अधिकारच आयोगाला नाही, अशी भूमिका घेतली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक मताने आयोगाने हॉटस्पॉटची सवलत रद्द केली. त्या वर्षासाठी अर्ज करून बसलेल्या ग्रंथालयांना आता ती यंत्रे स्वतःच्या पैशाने चालवायची आहेत, किंवा वाचकांकडून परत मागवायची आहेत.